पन्नाशीपुढची माणसं कारखान्यात टिकवायची कशी? बडोद्यातल्या मालक आणि मॅनेजरांसाठी

मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, ऐंशी-शंभर माणसांच्या कुठल्याही कारखान्यात जा. ट्रान्सफॉर्मर बनत असोत, व्हॉल्व्ह, पंप नाहीतर पॅनेल, मालकाची तक्रार ठरलेली असते: ऑर्डर आहेत, मशिनं आहेत, चांगला माणूस मिळत नाही. त्याच कारखान्यातून अलीकडेच पंचावन्नच्या आसपासचे दोन-तीन कसलेले कारागीर मुदतीआधी निघून गेलेले असतात. त्यांचा विषय काढला की उत्तर येतं, 'वय झालं होतं हो त्यांचं.'

मी इथल्या लहान-मध्यम कारखान्यांत माणसांचं काम बघते आणि मला हे उत्तर पटत नाही. पंचावन्नाव्या वर्षी हातात पडलेला राजीनामा बावन्नाव्या वर्षीच मनात पक्का झालेला असतो. त्याची सुरुवात होते शिफ्टच्या तक्त्यावर, ट्रेनिंगच्या यादीतून नाव गळतं तेव्हा, किंवा सुपरवायझर सगळ्यांसमोर काहीतरी बोलून जातो तेव्हा. या तिन्ही गोष्टी व्यवस्थापनाच्या हातातल्या आहेत. म्हणून निवृत्तीचं ५८ वय जवळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पन्नाशीलाच कामाला लागायचं. कसं, ते क्रमाने सांगते. ऑफिस, शाळा, दवाखाना चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, पण माझी उदाहरणं शॉपफ्लोअरवरची आहेत.

पायरी १: यादी काढा आणि शेजारच्याला विचारा

पीएफच्या नोंदीत सगळ्यांच्या जन्मतारखा असतात. येत्या पाच-सात वर्षांत कोणाकोणाला ५८ पूर्ण होतात, ही यादी अकाउंट्सवाला चहा संपायच्या आत काढून देईल. वेळ लागतो तो पुढच्या रकान्याला: या माणसाला येतं आणि बाकी कोणालाच येत नाही, असं काय आहे? हा रकाना केबिनमध्ये बसून भरायचा नाही. शॉपवर जाऊन शेजारी काम करणाऱ्याला विचारायचं, 'काका चार दिवस आले नाहीत, तर तुझं काय अडेल?'

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातला जुना वाइंडर, म्हणजे कॉइल गुंडाळणारा कारागीर, घ्या. कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी फॉर्मरवर (साच्यावर) चढवताना ताण किती ठेवायचा, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. पट्टी जास्त ओढली तर वळणावर कागद चिरतो, सैल सोडली तर कॉइल ठरलेल्या उंचीत बसत नाही. पट्ट्यांची आपसातली जागा बदलायची वेळ येते, तिथे तो कोणी न सांगता कागदाचा जादा थर देतो, बोट फिरवून कड लागते का बघतो, मगच पुढे जातो. नवा मुलगा सगळं ड्रॉइंगबरहुकूम करतो आणि माल टेस्टिंगला पडतो. मग तेल काढा, टाकी उघडा, कॉइल उतरवा, पुन्हा सुकवा. एवढं एकदा झालं की त्या वाइंडरच्या कितीतरी महिन्यांच्या पगाराचा हिशेब लागतो.

स्टोअरमधल्या माणसाचं, डिस्पॅचच्या बाईंचं असंच. कोणत्या गिऱ्हाइकाचं पेमेंट कोणाला फोन केल्यावर सुटतं, ही माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नसते. यादी पूर्ण झाली की ती मालकासमोर ठेवा. त्यानंतर 'वय झालं' हे वाक्य सहसा ऐकू येत नाही.

पायरी २: जे गेले त्यांना गाठा

शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या फॉर्मला काही अर्थ नसतो. हिशेब अडकलेला असताना खरं कोण लिहील? सगळे 'वैयक्तिक कारण' लिहून मोकळे होतात. त्याऐवजी दोन-तीन महिने जाऊ द्या, सगळे पैसे हातात पडू द्या, मग ज्याच्याशी त्यांचं जमत होतं अशा माणसाला घरी पाठवा. दांडिया बाजार नाहीतर वाडी या भागांत राहणारे बहुतेकजण चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, आणि चहाबरोबर खरं कारणही कळतं. प्रश्न मात्र नीट विचारायला हवा. 'का सोडलंत?' असं विचारलं की माणूस आवरून उत्तर देतो. 'सोडावं असं पहिल्यांदा कधी वाटलं?' असं विचारलं की प्रसंग सांगतो.

एक प्रसंग वारंवार ऐकायला मिळतो, म्हणून थोडं सविस्तर. माणूस राहतो वाघोडिया रोडला, कारखाना सावली तालुक्याकडे, मांजुसरच्या जीआयडीसीत. दुसरी पाळी रात्री सुटते. मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण ते अजून त्यालाही माहीत नाही. हायवेवर समोरून ट्रक आला की दिव्याभोवती वलय दिसतं आणि दोन-तीन सेकंद रस्ताच दिसेनासा होतो. एके रात्री ॲक्टिव्हा घसरते, फारसं लागत नाही, पण घरी बायको-मुलं 'आता पुरे' म्हणतात. राजीनाम्यात लिहिलं जातं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. या माणसाला कामाचा काही त्रास नव्हता, घरी परतण्याचा होता. पहिली पाळी किंवा कंपनीच्या बसमध्ये एक जागा, एवढ्यावर तो अजून पाच वर्षं राहिला असता.

बाकीची कारणंही याच जातीची असतात. मुलीच्या बाळंतपणाला रजा नाकारली. नव्या मुलाला दुप्पट वाढ दिली आणि ती कँटीनमध्ये कळली. मशीन बदललं आणि शिकायला दुसऱ्यालाच पाठवलं. पगार कमी म्हणून गेलो, असं सांगणारे भेटतात, पण माझ्या अनुभवात ते तरुणांमध्ये जास्त.

पायरी ३: सुपरवायझरला तयार करा

दहापैकी एकच पायरी करायची असेल तर ही करा. कारखान्यात चित्र असं असतं: पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन आलेला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा सुपरवायझर, आणि हाताखाली वडिलांच्या वयाचा फिटर. मुलगा दोनपैकी एक चूक करतो. एक तर काकांना काही सांगतच नाही. काम चुकलं तरी गप्प बसतो, हळूहळू महत्त्वाचं काम दुसऱ्याला देतो आणि काकांना बाजूला बसवतो. नाहीतर आपला अधिकार दाखवायला चारचौघांत खेकसतो. मला पहिली चूक जास्त घातक वाटते. खेकसल्याचा राग दोन दिवसांत उतरतो. बाजूला बसवलेला माणूस मात्र रोज आठ तास स्वतःला बिनकामाचा समजत बसतो.

म्हणून पन्नाशीपुढच्या प्रत्येकाशी वर्षातून एकदा अर्धा तास निवांत बोलायचा नियम करा. पगारवाढीच्या महिन्यात नको, नाहीतर बोलणं पैशांवरच फिरत राहतं. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस बरे. आणि सुपरवायझरकडून आधी सराव करून घ्या, कारण पहिलं उत्तर कधीच खरं नसतं:

'काका, पुढची चार-पाच वर्षं तुम्हाला कोणतं काम करायला आवडेल?'

'आपलं काय साहेब, द्याल ते काम करू.'

इथे बहुतेक सुपरवायझर मान डोलवतात आणि फॉर्मवर 'समाधानी' लिहून टाकतात. थांबायचं आणि पुढचं विचारायचं.

'ते आहेच हो. पण दिवसभरातलं कोणतं काम झालं की अंग दुखतं?'

'आता विचारताय म्हणून सांगतो. ते कोअर रचायचं. पत्रे वाकून वाकून लावायला लागतात ना, तासाभराने कंबर धरते. तसं टेस्टिंगचं काम दिवसभर करीन मी.'

आता बोलण्यासारखं काहीतरी हाती आलं. कोअर रचायचं टेबल उचलता येईल का? ते काम दोघांत वाटता येईल का? टेस्टिंगला माणूस हवाच आहे का? तिथल्या तिथे वचन देऊ नका, पण 'पंधरा दिवसांत सांगतो' म्हणालात तर पंधराव्या दिवशी सांगा, उत्तर 'नाही' असलं तरी.

काही वाक्यांवर सरळ बंदी घाला. 'अजून किती वर्षं काढणार काका?' 'तुम्हाला हे जमायचं नाही, राहू द्या.' 'तुमच्या वेळचं वेगळं, आता कॉम्प्युटरचा जमाना आहे.' बोलणाऱ्याला ही थट्टा वाटते, ऐकणाऱ्याला नोटीस वाटते.

पायरी ४: शिफ्टचा तक्ता बदला

वय वाढतं तशी झोप लवकर लागते, लवकर उघडते आणि दिवसा झोप भरून काढणं कठीण होतं. त्यामुळे रात्रपाळी पन्नाशीनंतर जड जाते, हा शरीराचा भाग आहे. पाळ्या फिरवायच्याच असतील तर पहिली, दुसरी, तिसरी अशा पुढच्या दिशेने फिरवा. उलट्या क्रमाने फिरवल्या की झोपेची घडी बसतच नाही. दुसरी पाळी सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिलीला बोलावणं हा प्रकार तर कोणाच्याच बाबतीत करू नये. इथे तो सर्रास चालतो.

पण पन्नाशीपुढच्या सगळ्यांना एकगठ्ठा रात्रपाळीतून वगळलं, तर त्या रात्री पोरांच्या अंगावर पडतात आणि आठवड्याभरात कुरबुर सुरू होते. मी असा नियम सुचवते: पन्नाशीनंतर लेखी मागेल त्याच्या रात्रपाळ्या कमी करायच्या, आणि रात्रपाळीचा भत्ता एवढा ठेवायचा की तरुण मुलं ती हौसेनं घेतील. सवलत मर्जीवर ठेवू नका, अर्जावर ठेवा. 'त्याला दिली, मला नाही' हे भांडण शेठच्या केबिनपर्यंत पोचतं.

ओव्हरटाइमचंही बघा. त्याला कायद्याने दुप्पट दर आहे, त्यामुळे काही वयस्कर माणसं कर्जापायी तो मागून घेतात आणि शरीराची वाट लावून घेतात. महिन्याची मर्यादा ठरवून द्या.

एक व्यवस्था बडोद्यात फारशी कोणी करून बघत नाही: एका कामावर दोन माणसं, तीन-तीन दिवस. साठीजवळच्या दोन टर्नरना एकच लेथ वाटून देता येते. सोमवार ते बुधवार एक, गुरुवार ते शनिवार दुसरा. मशीन रिकामं राहत नाही, प्रत्येकी निम्म्या पगारात दोन अनुभवी माणसं टिकतात आणि एक आजारी पडला तर दुसरा असतो.

पायरी ५: उजेड, फरशी, वजन, ऊन

जर्मनीत बीएमडब्ल्यूने २००७ साली डिंगॉल्फिंगच्या कारखान्यात एक प्रयोग केला. येत्या दहा वर्षांत कामगारांचं सरासरी वय ४७ होणार, हे हिशेबाने दिसत होतं. म्हणून त्यांनी आताच एका लाइनवर त्या सरासरी वयाची माणसं नेमली आणि त्यांनाच विचारून बदल केले. सिमेंटच्या फरशीवर लाकडी फळ्या, उंची बदलता येणाऱ्या खुर्च्या आणि टेबलं, बारीक कामाला भिंगं, मोठ्या अक्षरांचे स्क्रीन, मध्ये मध्ये अंग ताणायची सवड, असे साधारण ७० लहान लहान बदल. वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता ७ टक्के वाढली. खर्च मोठ्या कंपनीच्या मानाने किरकोळ होता. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की बदल काम करणाऱ्यांनी सुचवले.

आपल्याकडे सुरुवात उजेडापासून करा. साठीच्या डोळ्याला विशीतल्या डोळ्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. बेंचवरच्या साध्या कामाला ३०० लक्स (उजेडाचं माप) चालतो, बारीक कामाला ७५० किंवा जास्त हवा. लक्समीटर फार महाग नसतो, एक घेऊन ठेवा. मायक्रोमीटर वाचताना माणूस मशीन सोडून दाराजवळ जातो का, बघा. जात असेल तर मीटर न लावताही उत्तर मिळालं. प्रत्येक मशीनवर हलवता येणारा एलईडी दिवा लावला तरी फरक दिसतो. कंपनीच्या खर्चाने वर्षातून एकदा डोळे तपासून चष्मा द्या. दूरच्या-जवळच्या नंबरमध्ये कामाचं अंतर नेमकं बसत नाही, म्हणून कामाच्या अंतराचा वेगळा चष्मा मागा.

वजनाचं सांगायचं तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका पुरुषाने उचलायच्या वजनाची वरची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. तीही तरुण, धडधाकट माणसाला वरची मर्यादा म्हणून. आपल्याकडे पन्नास किलोची गोणी अजूनही खांद्यावर चढते. ट्रॉली, चेन ब्लॉक, उंची बदलणारं टेबल यांची किंमत एका स्लिप डिस्कपेक्षा कमी आहे. तासन् तास उभं राहायच्या जागी जाड रबरी मॅट टाका आणि टेकायला उंच स्टूल ठेवा. स्टूल दिलं की लोक बसून राहतील, अशी भीती काही मालकांना वाटते. बसून काम होत असेल तर होऊ द्या की.

उन्हाळा हा बडोद्याचा वेगळा विषय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. वय वाढलं की तहान लागल्याची जाणीवच कमी होते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. म्हणून 'पाणी तिकडे आहे, जाऊन प्या' एवढ्यावर भागत नाही. ठरलेल्या वेळी माणसापाशी पाणी, ताक, ओआरएस पोचलं पाहिजे. ओव्हनजवळची आणि वेल्डिंगची कामं या दोन महिन्यांत सकाळी उरकून घ्या.

पायरी ६: ट्रेनिंगच्या यादीत त्यांची नावं ठेवा

'दोन-चार वर्षांसाठी कशाला शिकवायचं?' हा विचार हिशेबाचा वाटतो, पण हिशेब चुकीचा आहे. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) शिकलेला पंचविशीचा मुलगा दीड-दोन वर्षांत वाघोडियाच्या दुसऱ्या कारखान्यात दोन हजार जास्त मिळतात म्हणून निघून जातो. बावन्नाचा माणूस शिकला तर सहा वर्षं तुमच्याकडेच राहतो.

शिकवायची पद्धत मात्र बदलायला लागते. पडद्यावर भराभर स्लाइड दाखवून उपयोग नाही. त्याचाच रोजचा जॉब घ्या आणि तो नव्या मशीनवर करून दाखवा. जुन्या लेथवर तो जे हाताने करत होता, ते इथे कोणत्या बटणाने होतं, एवढं जोडून दिलं की उरलेलं तो स्वतः पकडतो. कागदावर मोठ्या अक्षरांत, गुजराती किंवा हिंदीत पायऱ्या लिहून मशीनला चिकटवा. वर्ग कामाच्या वेळेत घ्या, सुटल्यावर नको. आणि पहिले काही दिवस त्याच्या पोराच्या वयाच्या दहा जणांसमोर त्याला चुकायला लावू नका.

पायरी ७: मोजमाप आणि वाढ

इथे थोडक्यात. फक्त नग मोजलेत तर वयस्कर माणूस मागे पडतो. नगांबरोबर रिजेक्शन, रीवर्क, टूल मोडणं आणि गैरहजेरी धरलीत तर चित्र बरंच बदलतं. सरसकट टक्केवारीच्या वाढीत जुन्यांना जास्त रुपये जातात म्हणून त्यांची टक्केवारी गुपचूप कमी करण्याची चाल सगळ्यांना कळते. पगाराची वरची मर्यादा आली असेल तर तसं तोंडावर सांगा आणि कौशल्याचा किंवा शिकवण्याचा वेगळा भत्ता सुरू करा. शाल-श्रीफळ, 'दीर्घ सेवा' लिहिलेला चषक वगैरे हौसेनं द्या, पण त्यानं कोणी थांबत नाही.

पायरी ८: हातातली विद्या दुसऱ्या हातात

बडोद्याला ही गोष्ट नवी नाही. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९० साली कलाभवन उघडलं ते हातातलं कसब पद्धतशीर शिकवण्यासाठीच, आजची एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्याच परंपरेतली. आपल्या कारखान्यात मात्र शिकवणं म्हणजे 'याला जरा सांगा हो काका' एवढंच असतं.

काका का सांगत नाहीत, हे आधी समजून घ्या. सगळं शिकवलं तर आपली गरज उरणार नाही, ही त्यांची भीती रास्त आहे. बऱ्याच ठिकाणी तसंच झालेलं त्यांनी पाहिलंय. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी त्यांना लेखी द्या की ५८ नंतर दोन वर्षं काम मिळेल, किंवा शिकवण्याचा भत्ता अमुक इतका मिळेल. मग शिकाऊ मुलगा जोडून द्या.

मुलगा आयटीआयचा अप्रेंटिस असू शकतो. ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि बरेच कारखाने त्या मुलांना झाडू मारायला नाहीतर फाइली लावायला ठेवतात. एका काकाला एकच मुलगा द्या, दोन नकोत. शिकवायच्या दिवसांत काकांचं उत्पादनाचं टार्गेट कमी करा. हे विसरलं तर पहिल्याच आठवड्यात काका मुलाला चहा आणायला पाठवतात. आणि दोघे काम करत असताना तिसऱ्या कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. मागाहून काकांना तो दाखवून विचारा, 'इथे हात का थांबवलात?' समोरासमोर विचारलं तर सांगता येत नाही असं बरंच काही त्या वेळी बाहेर येतं.

पायरी ९: रजा आणि तब्येत

बडोद्यातल्या मराठी-गुजराती घरांतली मुलं कॅनडात, ऑस्ट्रेलियात, नाहीतर पुण्या-बंगळुरूला असतात. मुलीचं किंवा सुनेचं बाळंतपण आलं की ऑफिसातली चोपन्न वर्षांची अकाउंटंट बाई तीन महिने मागते. एवढी रजा नियमात बसत नाही, म्हणून ती राजीनामा देऊन जाते, आणि तिची जागा भरायला तुम्हाला सहा महिने लागतात. वर्षातून एकदा, आधी दोन महिने कळवून, बिनपगारी तीन महिन्यांची रजा आणि परत आल्यावर तीच खुर्ची, असा नियम करा. म्हाताऱ्या आई-वडिलांच्या आजारपणालाही तोच लावा. या वयाच्या माणसावर दोन्ही बाजूंची जबाबदारी असते.

तपासणीचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत मालकाने कामगारांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी करून द्यायची तरतूद आहे आणि ती चाळिशीपुढच्या कामगारांसाठी असल्याचं सरकारने जाहीर केलं आहे. ही तपासणी सही-शिक्क्यापुरती करू नका. ऑडिओमेट्री (कानांची तपासणी), साखर, रक्तदाब, डोळे नीट करून घ्या. आणि रिपोर्ट सुपरवायझरच्या टेबलावर पडता कामा नये. एकदा का 'काकांना शुगर निघाली' हे शॉपवर कळलं, की पुढच्या वर्षी तपासणीला कोणी येत नाही.

पायरी १०: ५८ ची तयारी ५६ ला

निवृत्तीचं वय बहुतेक खासगी कारखान्यांत ५८ किंवा ६० असतं. तुमच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कारखान्याच्या सेवानियमांत) आणि नेमणूकपत्रात काय आहे ते पाहा. दोन वर्षं आधी माणसाला बसवून आकडे दाखवा. फार कमी लोकांना आपले आकडे माहीत असतात.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे: शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. वेतन २६,००० आणि सेवा २२ वर्षं असेल तर ३,३०,००० रुपये. नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनातच धरतात, म्हणजे ज्यांनी बेसिक मुद्दाम कमी ठेवलाय त्यांचा आकडा वाढतो. या वाढीव पैशांची तरतूद आताच करून ठेवा.

पेन्शनचा आकडा मात्र डोळे उघडणारा असतो. ईपीएस १९९५ मध्ये, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत, पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी ६,५०० आणि त्यानंतरच्या सेवेसाठी १५,००० रुपये. त्यामुळे आज निवृत्त होणाऱ्या बावीस वर्षं सेवेच्या माणसाचं पेन्शन महिना चार हजारांच्या आसपासच येतं. हे त्याला ५६ ला कळलं तर पुढे काम करायचं की नाही हे तो नीट ठरवतो. ५८ ला शेवटच्या आठवड्यात कळलं तर नुसता हबकतो.

आणखी काही तपशील पेरोलवाल्याच्या लक्षात असू द्या. ५८ पूर्ण झाल्यावर माणूस कामावर राहिला तरी पेन्शनमध्ये जाणारा ८.३३ टक्क्यांचा हिस्सा थांबतो आणि मालकाचा सगळा वाटा पीएफ खात्यात जातो. नोकरी चालू असली तरी ५८ पासून पेन्शन घेता येतं. ६० पर्यंत थांबवलं तर दर वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतं. ईएसआयमध्ये (कामगार विमा योजनेत) किमान पाच वर्षं असलेल्या निवृत्त माणसाला वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांसाठी औषधोपचार चालू ठेवता येतात. ही सोय कोणी सांगत नाही म्हणून कितीतरी लोकांची हुकते.

५८ नंतर ठेवायचं असेल तर ठरावीक मुदतीचं लेखी पत्र द्या: किती महिने, आठवड्याचे किती दिवस, काय काम, काय पगार, पुढे वाढवायचं ते कधी ठरेल. 'या उद्यापासून, बघू काय ते' हा तोंडी कारभार नको. मुदतीच्या कामगाराला नव्या संहितेत एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागू होते, तेव्हा अकरा महिन्यांनी खंड पाडायची युक्ती कोणी सुचवेल. ती वापरू नका. माणसं टिकवायला निघालात आणि पंधरा दिवसांच्या वेतनाएवढ्या ग्रॅच्युइटीपायी त्याला पुन्हा गेटबाहेर उभं केलंत, तर वरच्या नऊ पायऱ्या पाण्यात जातील. तोच माणूस, तेच काम, पगार मात्र निम्मा, हेही चालणार नाही. काम किंवा तास कमी करा, मग पगार त्या प्रमाणात कमी झाला तर कोणी हरकत घेत नाही.

सगळ्यांनाच ठेवायचं आहे असं नाही. काहींना खरोखरच जायचं असतं. शेती, भजनी मंडळ, नातवंडं वाट बघत असतात. काहींचं काम पंधरा वर्षांपासूनच कच्चं होतं, त्याचा वयाशी संबंध नाही. अशांना थांबवू नका. पण पाठवताना हिशेब वेळेवर करा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासकट. पीएफचं केवायसी, नॉमिनीची नावं, जन्मतारखेतली चूक हे सगळं आधीच्या सहा महिन्यांत दुरुस्त करून घ्या, कारण निवृत्तीनंतर त्याला अकोट्याच्या पीएफ ऑफिसात खेपा घालाव्या लागल्या, तर दर खेपेची बातमी कँटीनमध्ये पोचते. आणि तिथे जेवायला बसलेले पन्नाशीतले बाकीचे लोक त्याचे पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, तेही विचारून ठेवतात.